डोकी मोजायची की खूर?

कोलोनच्या दक्षिण भागात, ऱ्हाईनच्या उजव्या तीरावर पोल नावाची वस्ती आहे. तिथली नदीकाठची कुरणं 'पोलर वीझन' म्हणून ओळखली जातात. सुटीच्या दिवशी तिथे पतंग उडतात, फुटबॉल चालतो आणि अधूनमधून मेंढ्यांचा कळपही चरायला येतो. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मामा आणि भाची तिथे फिरायला गेले. मामा माण तालुक्यातले, धनगराच्या घरातले, पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले. भाची आठ वर्षं कोलोनमध्ये एका विमा कंपनीत आहे. मांस सोडून तिला सहा वर्षं झाली, दूध सोडून तीन. बोलणं एका मेंढीवरून निघालं आणि अनुदानावर येऊन अडलं.

मामा : थांब. ती बघ, काळ्या तोंडाची. गुडघे टेकून चरतेय.

भाची : किती गोड! प्रार्थनेला बसल्यासारखी.

मामा : गोड कसलं? पुढचे दोन्ही खूर दुखतायत तिचे. उभं राहवत नाही म्हणून गुडघ्यावर आलीय. पण पाठीवर निळा पट्टा ओढलेला दिसतो, म्हणजे मेंढपाळाने हेरलीय. संध्याकाळी धरून खूर साफ करील. हुशार माणूस आहे.

भाची : असेल हुशार. पण तो हुशार असला काय आणि नसला काय, सरकारच्या लेखी फरक पडत नाही. माझी तक्रार तीच आहे. २०२३ पासून जर्मनीत दर मादीमागे वर्षाला साधारण ३५ युरो मिळतात. अटी ऐका. कळपात किमान सहा माद्या हव्यात, १ जानेवारीला मादी दहा महिन्यांची झालेली हवी, आणि १५ मे ते १५ ऑगस्ट ती कळपात राहायला हवी. कानातला बिल्ला जुळला की पैसे खात्यात. ती दोन पायांवर चरते की चार, हे अर्जात कोणी विचारत नाही.

मामा : प्राण्यांना नीट वागवण्याचे कायदे आहेतच की इथे. ते मोडले तर अनुदान कापतात असं तूच परवा सांगत होतीस.

भाची : कापतात, सापडलं तर. तपासणीचं बंधन आहे शंभरातल्या एका अर्जदारापुरतं. विम्याच्या धंद्यात असली तपासणी ठेवली तर कंपनी वर्षात बुडेल. मामा, या देशाने २००२ मध्ये प्राण्यांचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं. आणि पैसे वाटताना मात्र प्राणी म्हणजे एक आकडा. वर तो आकडा कशासाठी पोसायचा, तर मटणासाठी. इथल्या वायडनगासे रस्त्यावरच्या खाटकांच्या दुकानांत जे टांगलेलं असतं, त्याला मी माझ्या करातून हातभार का लावू?

मामा : तुझ्या करातून मटणाला पैसे जात नाहीत. चालण्याला जातात.

भाची : म्हणजे?

मामा : आपण उभे आहोत ती जमीन बघ. नदीला पूर आला की पाणी इथवर चढतं. अशा काठावर, बांधावर गवत दाट आणि आखूड लागतं, माती दाबलेली लागते. यंत्राने गवत कापता येतं, पण ते माती दाबत नाही. शेकडो मेंढ्या चालल्या की बारीक खुरांनी माती घट्ट बसते. जर्मन लोक त्याला 'सोन्याचं पाऊल' म्हणतात. काल तू मला वानर हायडेला नेलंस. पाच हजार हेक्टरचा तो माळ कशामुळे टिकला?

भाची : सैन्यामुळे. १८१७ पासून प्रशियाच्या तोफखान्याचं सरावाचं मैदान, शेवटी बेल्जियन फौजा. त्या २००४ मध्ये गेल्या.

मामा : तोफा गेल्या आणि भूर्जाची रोपं वर आली. माळाचं रान झालं असतं. जांभळं हेदर फूल, वाळूतले सरडे, जमिनीवर घरटं करणारे पक्षी, सगळे उघड्या माळाचे जीव. आता मेंढ्या, शेळ्या, गाई चरवून तो माळ मोकळा ठेवतात. श्वाबियाच्या डोंगरात शास्त्रज्ञांनी एका मेंढीच्या लोकरीत अडकलेल्या बिया हंगामभर मोजल्या. ८५ जातींच्या साडेआठ हजारांहून जास्त बिया निघाल्या. ती बाई चालता चालता पेरणी करत होती! तिची मजुरी कोणी द्यायची?

भाची : ज्याचा फायदा होतो त्याने.

मामा : बरोब्बर. आपल्याकडे तोच देतो. माणदेशातला धनगरांचा वाडा दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातो. भाताचं रान मोकळं झालेलं असतं. शेतकरी येऊन सांगतो, माझ्या शेतात दोन रात्री मेंढ्या बसवा. लेंडी आणि मूत रानात पडतं, आणि त्याबद्दल तो धान्य देतो, पैसे देतो. सरकारचा अर्ज नाही की कानात बिल्ला नाही. इथल्या शेतकऱ्याला गोणीतलं खत मिळालं आणि मेंढीची गरज संपली. लोकरीचं तर विचारू नकोस. कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीच्या पैशांतून निघत नाही, तरी वर्षातून एकदा कातरावंच लागतं, नाहीतर मेंढी उन्हाळ्यात हैराण होते. जुनं गिऱ्हाईक गेलं. नवं गिऱ्हाईक म्हणजे हे बांध, हे माळ आणि पतंग उडवणारे तुम्ही लोक. म्हणून पैसे करातून जातात.

भाची : गिऱ्हाईक मी असेन, तर माल बघून पैसे देईन. डोकी मोजून नाही. डोकी मोजल्यावर काय होतं याचा दाखला युरोपात आहे. १९८० पासून दर मादीमागे प्रीमियम सुरू झाला. आयर्लंडच्या पश्चिमेला डोंगरांवर मेंढ्या वाढतच गेल्या, कारण प्रत्येक जादा मेंढी म्हणजे जादा पैसा. डोंगर ओरबाडले गेले, दलदलीची माती उघडी पडून नद्यांत उतरली. शेवटी २००२ मध्ये युरोपीय न्यायालयाने आयर्लंडला दोषी धरलं. एका हाताने युरोप मेंढ्या वाढवायला पैसे देत होता, दुसऱ्या हाताने मेंढ्या वाढल्या म्हणून खटला चालवत होता. त्यानंतर जर्मनीने २००५ मध्ये हा दरडोई प्रीमियम बंद केला होता. मग १८ वर्षांनी पुन्हा तोच का?

मामा : कारण बंद करून त्यांनी पैसे हेक्टरवर नेले. हेक्टर कोणाचे? ज्याच्या नावावर सातबारा त्याचे. मेंढपाळ आज या गावात, उद्या त्या गावात. त्याच्या नावावर जमीन कुठली? ज्याची मेंढी चरते तो कोरडा आणि ज्याच्या बांधावर चरते तो ओला. म्हणून इथले मेंढपाळ वर्षानुवर्षं दारं ठोठावत होते. २०१८ मध्ये संसदेने नाही म्हटलं, २०२३ पासून मिळू लागलं. पोटापाण्यासाठी मेंढ्या राखणारे हजारभरही उरले नाहीत या देशात. आणि आयर्लंडचा दाखला कशाला, आपल्या शेजारचाच घे. तेलंगणात २०१७ मध्ये वीस मेंढ्या आणि एक मेंढा, ७५ टक्के अनुदानावर वाटायला काढले. पुढे महालेखापालांनी हिशेब तपासला. कागदावर कितीतरी मेंढ्या मोटारसायकलवरून आणि चक्क रुग्णवाहिकेतून आलेल्या!

भाची : कागदी घोडे ऐकले होते. या कागदी मेंढ्या.

मामा : हसू नकोस. खऱ्या आलेल्यांचे हाल जास्त झाले. मी स्वतः एका योजनेत होतो, नाव घेत नाही. मार्चअखेर आली होती. पैसे परत जाऊ नयेत म्हणून ट्रक भरून मेंढ्या लांबून आणल्या. चारा वेगळा, पाणी वेगळं, हवा वेगळी. आम्ही कानात बिल्ले मारले, लाभार्थ्याबरोबर फोटो काढले, अहवालात शंभर टक्के लक्ष्य लिहिलं. पावसाळ्यात पुन्हा गेलो तर एका घरी एकवीसपैकी नऊ उभ्या. बाकीच्यांचे बिल्ले म्हातारीने डब्यात जपून ठेवले होते, विम्यासाठी. ती मला म्हणाली, 'साहेब, मेंढ्या दिल्या, पण त्या आमच्या रानाच्या नव्हत्या.' मी सही करून निघून आलो.

भाची : मामा, हे तुम्ही कधी बोलला नव्हतात.

मामा : विचारलं कोणी? अहवालात तो रकानाच नव्हता.

भाची : मग माझंच म्हणणं खरं. डोक्यावर पैसे देणं बंद करा. जी काळजी घेतली जाते तिच्यावर द्या.

मामा : काळजी म्हणजे काय, हे ठरवणार कोण? इथला कायदा म्हणतो, आठ दिवसांच्या आतलं कोकरू असेल तर रबराचं कडं घालून भूल न देता शेपूट गाळायला हरकत नाही. मग ते संरक्षण झालं?

भाची : नाही झालं. तो क्रूरपणा आहे, तो बंद व्हायला हवा.

मामा : बंद करून बघ. लांब शेपटीला लेंडी चिकटते, माशी अंडी घालते, अळ्या जिवंत मांस खातात. ते मी पाहिलंय, तू नाही. आपल्या दख्खनी मेंढीला शेपूटच आखूड, म्हणून तो प्रश्न नाही. काळजीचं अर्धं उत्तर जातीत असतं, अर्धं माणसाच्या डोळ्यांत. कायद्यात असतं ते शेवटचं थोडं.

भाची : मग आखूड शेपटीची जात वाढवायला पैसे द्या! वेदना कापून काढायची नाही, ती होणारच नाही असं बघायचं. तुम्ही शेपूट गाळण्याचं समर्थन करता करता माझाच मुद्दा मांडलात.

मामा : (हसून) विमेवाली आहेस खरी. बरं, हा मुद्दा तुझा. पण २०२४ चा उन्हाळा आठव. निळ्या जिभेचा रोग.

भाची : बातम्यांत होता. चिलटांमुळे पसरला होता ना?

मामा : हो. आधी नेदरलँड्स, मग २०२३ च्या ऑक्टोबरात तुमच्याच नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियात. पुढच्या उन्हाळ्यात हजारो गोठ्यांत आणि कळपांत. तोंड सुजतं, जिभेला जखमा होतात, खुरांची वरची कड लाल होते आणि मेंढी चालायची थांबते. आपल्याला हा रोग जुना. भारतातली पहिली नोंद १९६४ ची, तीही महाराष्ट्रातली. जर्मनीत नव्या प्रकारावर लस तातडीच्या परवानगीने जूनमध्ये आली. आता सांग, पाचशे मेंढ्या एकेक धरून टोचायच्या कोणी? जो तोंडात पाणी घालतो, पडलेलीला सावलीत ओढतो, तो माणूसच नसेल तर तुझी राज्यघटना काय करील? त्याच्या ताशी मजुरीचा हिशेब काढलास तर इथलं किमान वेतनही भरत नाही कित्येकदा. दरडोई ३५ युरो वाईट असतील, पण त्यामुळे तो माणूस कळपाजवळ टिकतो. तो गेला तर मेंढीचं कल्याण होत नाही, मेंढीच उरत नाही.

भाची : मेंढीच नसेल तर तिला वेदनाही नाही. माझ्या बाजूचे काही लोक असंच म्हणतील.

मामा : आणि तू?

भाची : मी अडखळते. वानर हायडे मला हवाय, तिथले सरडे आणि पक्षी हवेत. यंत्राने गवत कापलं तर त्यात हजारो कीटक मरतात, हेही मला माहीत आहे. म्हणजे मेंढी हवी. पण दर वसंतात कोकरं होणार, त्यातले नर वर्षाच्या आत खाटकाकडे जाणार. त्या साखळीला 'प्राणीकल्याण' हा शब्द लावू नका. त्याला पर्यावरणाची मजुरी म्हणा, शेतकऱ्याचा आधार म्हणा. कल्याण म्हणू नका.

मामा : माझा बाप दसऱ्याला मेंढ्यांना ओवाळायचा आणि नंतर त्यातलीच विकायचा. त्याला त्यात खोट वाटली नाही. पण तो कल्याण हा शब्द वापरत नव्हता, हे मात्र खरं. तो म्हणायचा, 'जितराब दुखलं नाही पाहिजे.' एवढंच.

भाची : 'दुखलं नाही पाहिजे.' हे मोजता येतं, मामा.

मामा : येतं. मघाशी आपण मोजलंच की. कुठेही कळप दिसला की मी आधी पाय बघतो. तोंड खोटं बोलतं. मेंढी हे शिकार होणारं जनावर, दुखलं तरी दाखवत नाही, कारण दाखवलं की लांडगा तिलाच उचलतो. खूर खोटं बोलत नाही. जागा ओली राहिली, गर्दी झाली, नखं वाढली, अंगात क्षार कमी पडले, निळी जीभ आली, सगळं शेवटी पायात दिसतं. आपले लोक पावसाआधी कोकण सोडून घाट चढून वर का येतात? कोकणातल्या चिखलात दख्खनी मेंढीचा खूर कुजतो. ती वारी म्हणजेच खुरांची काळजी. पुस्तकात नसलेली.

भाची : आयर्लंडनेही चुकून हेच शिकून घेतलं बहुतेक. २०१६ च्या अखेरीस त्यांनी मेंढीकल्याणाची योजना काढली. दर मादीमागे दहा युरो, पण फुकट नव्हते. यादीतली कामं निवडायची आणि करून दाखवायची. त्या यादीत लंगडेपणाचा बंदोबस्त होता, खनिजं देणं होतं, लेंडीत जंतांची अंडी मोजणं होतं. ज्या देशाने डोकी मोजून डोंगर घालवले, त्याच देशाने पाय बघायला सुरुवात केली.

मामा : छान आहे की.

भाची : पण तिथेही लोक विचारायचे, जे काम मेंढपाळाने एरवीही करायला हवं, त्याचे पैसे का?

मामा : कारण एरवी ते होत नाही. पायधुणीचा हौद बांधायला पैसे लागतात. मोरचूद स्वस्त, पण मेंढीला तांबं बाधतं, म्हणून झिंक सल्फेट घ्यावं लागतं. पाचशे मेंढ्या त्यातून चालवायच्या, मग कोरड्या जागेवर उभ्या करायच्या. दोन माणसांचा दिवस जातो. कर्तव्य म्हणून सांगणं सोपं आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

भाची : आणि महाराष्ट्रात? तिकडे सरकार काय मोजतं?

मामा : महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर, ७५ टक्के अनुदान. म्हणजे डोकी. दुसरं चराई अनुदान. जून ते सप्टेंबर, महिन्याला सहा हजार, चार महिन्यांचे चोवीस हजार. ते मला जास्त पटतं, कारण नेमक्या अडचणीच्या महिन्यांत येतं. शेतात पीक उभं, वनखात्याच्या रानात मज्जाव, गायरानावर कोणाचा तरी प्रकल्प. कळप न्यायचा कुठे? पण चोवीस हजारांनी गवत उगवत नाही. पैसे घेऊन माणूस रस्त्याच्या कडेला चिखलात मेंढ्या उभ्या करतो. मग खूर कुजतात. डॉक्टरचे पैसे त्या चोवीस हजारांतूनच जातात.

भाची : म्हणजे पैशांपेक्षा कोरडी जागा हवी.

मामा : जागा आधी, पैसे मागून. इथे कळपाला बांध आणि माळ करार करून मिळतात, ही गोष्ट मला आवडली. वर लांडग्यांचं जाहीर क्षेत्र असेल तर विजेच्या जाळीचा खर्चही राज्य उचलतं. आपला माणूस रात्री वाघर लावतो आणि कुत्रा बांधतो, संपलं. माळावरचा लांडगा आपलाही आहे, आणि तोही जीवच आहे. त्याला मारायचं नसेल तर जाळीचा खर्च एकट्या धनगराने का सोसायचा?

भाची : मामा, तुम्ही अनुदानाच्या बाजूने बोलायला उभे राहिलात आणि निम्म्या योजना मोडीत काढल्यात.

मामा : आणि तू मेंढपाळाच्या विरुद्ध उभी राहिलीस आणि आता त्याला जाळी, हौद, जमीन सगळं द्यायला निघालीस.

भाची : मटण सोडून. ते मला कधीच पटणार नाही.

मामा : नको पटू दे. मलाही तुझं सोयाबीनचं दूध पटत नाही.

एव्हाना कळप पुलाच्या दिशेने सरकला होता. मेंढपाळाने आकडी लावून त्या काळ्या तोंडाच्या मेंढीचा मागचा पाय धरला, तिला बसतं केलं आणि पुढचा खूर हातात घेतला. चाकूने दोनदा खरवडलं, डब्यातलं औषध लावलं. जेमतेम तीन मिनिटं. मामांनी घड्याळ पाहिलं. या तीन मिनिटांची नोंद ३५ युरोंच्या हिशेबात कुठेही होत नाही, आणि ही तीन मिनिटं न देणाऱ्यालाही तेवढेच ३५ युरो मिळतात.

मामा आणि भाचीचा वाद मिटला नाही आणि मिटायची गरजही नाही. मेंढीचं शेवटी काय होतं यावर दोघं वेगळे राहतील. पण ती जगते तोवर तिचं दुखू नये, यावर मामांचा धनगर बाप आणि जर्मनीची राज्यघटना एकच बोलतात. मग सरकारचा अर्जही तेच बोलायला काय हरकत आहे? आपल्याकडे मेंढपाळांच्या अर्जात मेंढ्या किती, नर किती, खातं कोणत्या बँकेत, हे सगळं विचारतात. त्यात एकच रकाना वाढवावा : आज कळपात किती लंगडतात आणि गेल्या वर्षी किती लंगडत होत्या? आकडा कमी झाला तर जादा अनुदान द्यावं. आकडा वाढला तर दंड करण्याआधी त्या कळपाला कोरडी जागा आणि डॉक्टर द्यावा. तपासायला उपग्रह लागत नाही, बिल्लाही लागत नाही. अधिकाऱ्याने कळपाच्या मागून शंभर पावलं चालावं, म्हणजे झालं.